धवल्यातल्या पाच मात्रा

वैशाख लागला की रोह्याजवळच्या वरसेतल्या आमच्या गल्लीत कुणाचा ना कुणाचा मांडव उभा राहतोच. या वर्षी समोरच्या इमारतीतल्या मुलीची हळद होती. रस्ता अडवून मांडव, कोपऱ्यात माझ्या उंचीचे स्पीकर, आणि उन्हानं पत्रे तडतडत असताना भर दुपारी एकाएकी धवला सुरू झाला. चहाचं आधण गॅसवर तसंच सोडून मी खिडकीत गेले. गाणारी बाई कुठंच नव्हती. रेकॉर्ड केलेला धवला होता, मागे ढोलकी आणि ऑर्गन. ओळ नवरीच्या आईपाशी आली, आणि जिथं आईचं नाव यायचं तिथं रेकॉर्डमधली बाई थांबली. तेवढ्या जागेत ऑर्गनचे सूर वाजले, मग पुढची ओळ. बरोबरच आहे म्हणा. शंभर लग्नांत वाजवायचं गाणं, त्यात आई कुणाची घालणार?

माझी बोटं मात्र खिडकीच्या गजावर मोजत होती. ऑर्गननं पाच मात्रा भरल्या होत्या. तिकडे चहा उतू गेला.

मोजायची ही खोड पेणच्या कॉलेजातली. मी कोलाडच्या एका शाळेत मराठी शिकवते, आणि वृत्ताचा धडा आला की मुलं कुरकुरतात, तेव्हा मला आमचे सर आठवतात. दुपारचा तास, पंखा नुसता आवाज करणारा, आणि सर टेबलावर कविता वाजवून दाखवायचे. लघुला एक बोट, गुरूला पूर्ण तळवा. टक् टक् टक् थप्प. "अर्थ नंतर," ते म्हणायचे. "आधी मोजा. रडायचं असेल तर मोजून झाल्यावर रडा." मुलं हसायची. मला मात्र ते पटलं होतं. मी मुळातच हट्टी आणि जरा कोरडी. कविता वाचून ज्यांचे डोळे लगेच भरतात त्यांच्याबद्दल मला तेव्हा संशय यायचा, अजूनही येतो. कवितेनं नक्की कुठं आणि कशानं धरलं हे सांगता आलं पाहिजे, असं माझं म्हणणं. कुठला स्वर लांबला, कुठलं व्यंजन पुन्हा आलं, श्वास कुठं घ्यायला लावला.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं ती. आमचं गाव पेणच्या खाडीवरचं. बाबा रोह्याला कंपनीत, शिफ्ट संपल्या की आठवड्यानं घरी यायचे. आई मिठागरावर जायची. तिची धाकटी बहीण, माझी बायजा मावशी, तीही आमच्याच गावात दिलेली, आणि दोघी एकाच मिठागरावर टोपल्या वाहायच्या. संध्याकाळी दोघींच्या पायांना मिठाची पांढरी भेग पडलेली असायची, त्यावर खोबरेल चोळत त्या ओटीवर बसायच्या आणि गावभरच्या सुनांची मापं काढायच्या.

सरांनी एकदा सांगितलं, छापील कविता सगळेच मोजतात, तुमच्या घरातलं एखादं गाणं मोजून आणा. मी म्हटलं, धवला आणते. धवला म्हणजे आमच्या खाडीकाठच्या लोकांचं लग्नातलं गाणं. ते धवलारीण गाते आणि मागं बसलेल्या बायका ओळ झेलतात. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक कामाचा धवला वेगळा. आमच्या गावची धवलारीण हिरूबाय. काळी, उंच, एका डोळ्यात फूल पडलेली. मी वही घेऊन तिच्या दारात गेले, तर तिनं मला ओटीवरही चढू दिलं नाही.

"लगीन कोनाचं हाय?"

"कुणाचं नाय. मला नुसतं लिहून घ्यायचंय."

"बिनलग्नाचं धवलं तोंडात घेत नाय गो. देव येतान, नि मांडव नाय दिसला की खवलतान. लगीन असंल तवा ये. बस, आयक, लिव."

झालं. कवितेचा अभ्यास करायचा तर वऱ्हाडासोबत फिरायचं. त्या लग्नसराईत आई आणि मावशी जिथं जिथं झेलायला जायच्या तिथं तिथं मी त्यांच्या मागून. घामानं ओले झालेले कागद, हळदीचे डाग, खाडीकडून येणारा खारट वारा, मांडवावर सुकत चाललेल्या आंब्याच्या डहाळ्या, आणि लांबवर मिठाचे ढीग, इतके पांढरे की बघवायचे नाहीत. बायका मला चिडवायच्या. "अनुसयेची पोर धवलारीण व्हनार बघा. पुस्तकातली धवलारीण." आई कागदावरच्या लघु-गुरूच्या खुणा बघून म्हणाली होती, "ह्या काय गो मुंग्या सोडल्यास? साखर सांडली काय?"

पण सापडलं. काय सापडलं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

हळद दळताना हिरूबाय जो धवला म्हणायची त्यातली एक ओळ होती,

मांडवी बैसली, नवरीची आय, अनुसया

शेवटच्या जागी त्या त्या नवरीच्या आईचं नाव. 'मांडवी बैसली' दहा मात्रांचं. 'नवरीची आय' हे 'आय' ओढून दहा मात्रांचं. आणि नावाला निम्मी जागा, पाच मात्रा. यमक नाही. यमकाचं काम हे नावच करतं. दोन लांब पावलं आणि एक आखूड, मग मागच्या बायका तीच ओळ उचलतात. ओळीत सुरुवातीला 'मां', 'वी', 'बै' असे जड, भरलेले आवाज, आणि नावाशी आल्यावर गाणं एकदम हलकं होतं. तीन लघु आणि एक गुरू. टक् टक् टक् थप्प. तो शेवटचा गुरू हिरूबाय मांडवाबाहेर जाईल इतका लांबवायची.

मजा पुढं होती. नाव कसलंही असो, तीन लघु आणि एका गुरूच्या त्या जागेत ते मावायचंच. द्रौपदी असली की 'दुरपदी' व्हायची. सरस्वतीची 'सरसती'. शाळेच्या दाखल्यावर माझ्या आईचं नाव अनसूया होतं, पण जन्मभर तिला सगळे अनुसया म्हणायचे. मला वाटायचं, अडाणी लोक आहेत, जीभ वळत नाही. त्या उन्हाळ्यात कळलं की जीभ चांगली वळते. गाण्यात नीट मावावं म्हणून बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या नावं घासून घेतली होती. आणि नाव आखूड पडलं तर मदतीला 'गो' होता. माझ्या चुलतीचं नाव कमल. तिच्या मुलीच्या लग्नात हिरूबायनं म्हटलं, 'कमल गो'. पुन्हा तीन लघु, एक गुरू. मी आनंदानं आईचा हात दाबला होता.

घरी येऊन मी तिला तिच्या तळहातावर वाजवून दाखवलं. आधी 'अनुसया', मग 'कमल गो'. "बघ, दोन्ही सारखी. डोळे मिटून सांग, कुठलं नाव वाजवलं?"

तिनं डोळे मिटले. मी वाजवलं. तिला सांगता येईना, तशी ती हसत सुटली. "म्हंजे मी नि कमल एकच?"

"मात्रांपुरत्या."

"तुझ्या मांडवात माझं नाव येल ना," ती म्हणाली, "तवा मोज. मावतंय का बघ नीट."

माझं काम सरांना आवडलं. त्यांनी ते वर्गात वाचून दाखवलं. त्या श्रावणात आई गेली. कावीळ झाली होती, गावठी औषध घेतलं, मग पेणचा दवाखाना, मग काही नाही. माझ्या मनात तेव्हा पहिला विचार काय आला ते अजून नीट आठवतं. आता ती ओळ कशी म्हणतील?

आमच्यात आई-बाप गेले तर मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. बाबा थांबायला तयार नव्हते. शिफ्ट करणारा माणूस, घरात बाई नाही, तरणी मुलगी. कोलाडचं स्थळ आलं, मुलगा बरा होता, मीही नाही म्हटलं नाही. पुढच्या वैशाखातली तारीख धरली. घरात रडं आणि लग्नाची तयारी एकाच वेळी चालू होती. एका कोपऱ्यात आईची लुगडी वाटून द्यायला काढलेली, दुसऱ्या कोपऱ्यात माझ्या साड्या. कमलकाकू दोन्हींच्या घड्या घालायची.

मला बस्त्याशी, मानपानाशी काही देणंघेणं नव्हतं. मला फक्त ते नाव हवं होतं. आईनं एक सांगून ठेवलेलं काम होतं आणि ते करायला नाव मांडवात यायला हवं होतं. मी पुन्हा हिरूबायच्या दारात गेले. या वेळी तिनं मला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, आणि मी बोलायच्या आधीच मान हलवली.

"तसं नाय करत, बाय. आयच्या पाटावर जी बसंल तिचं नाव. तुझी काकू बसनार, कमलचं नाव येनार."

"एकदाच. एकदाच म्हण आईचं नाव. नंतर काकूचं घे."

"गेल्या मानसाला मांडवात हाक मारली तं ते येतं," हिरूबाय म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "येतं नि उभं ऱ्हातं. पाटावर दुसरी बसलेली. तिला जागा नाय. मग ती जाईल कुठं? तुझ्या मागं येल तुझ्या सासरी. माय असली तरी गेलेली माय ती. तुझ्या बऱ्यासाठी सांगतंय."

मी कॉलेजात शिकलेली मुलगी. वाद घालता आला असता. पण पाटाभोवती जागा शोधत उभी असलेली आई माझ्या डोळ्यांपुढं आली आणि मी ओटीवरून उठले. काकूला हे कळलं तेव्हा ती बिचारी घाबरली. "माझंबी नाव नको घेऊ द्या," ती म्हणायची, "मी नुसती बसते." पण नुसतं बसता येत नाही. ओळीत जागा आहे म्हटल्यावर ती भरावी लागते.

मग मी मनाशी एक गोष्ट धरून बसले. मला वाटलं, काहीतरी अडेल. आईशिवायच्या लग्नात ती ओळ कुठंतरी लंगडेल, एखादी मात्रा कमी पडेल, हिरूबायचा श्वास तुटेल. मी ते ऐकेन, आणि ती तुटलेली जागा म्हणजे माझी आई असेल. गाण्यानं तिची एवढी तरी दखल घ्यावी असं मला वाटत होतं.

हळदीच्या दिवशी सकाळपासून वारा पडला होता. अंगाला हळद, खाली मान, समोर जातं. जात्यावर पाच जणींचे हात, काकू माझ्या शेजारी पाटावर. मागं झेलणाऱ्या बायका. दर लग्नात आई आणि मावशी तिथं खांद्याला खांदा लावून बसायच्या. आज मावशीच्या उजव्या हाताला जागा मोकळी होती, तिथं कुणी बसलं नव्हतं. हिरूबायनं सूर धरला. देवांची नावं झाली, गावदेवी झाली, खाडी झाली. मी पदराखाली बोटं तयार ठेवली.

मांडवी बैसली, नवरीची आय, कमल गो

अडलं नाही. एक मात्रा कमी नाही, एक जास्त नाही. टक् टक् टक् थप्प. 'गो' मांडवाबाहेर गेला, आणि खाडीवरून परत आला म्हटलं तरी चालेल. इतकी चोख ओळ मी आदल्या सबंध लग्नसराईत ऐकली नव्हती. ज्या रचनेचं मी वर्गात कौतुक केलं होतं, कुठलंही नाव असो, मावतंच म्हणून, तिनं माझ्या आईच्या जागी दुसरं नाव घेतलं होतं आणि कुठं ओरखडासुद्धा दिसत नव्हता. मला त्या गाण्याची भीती वाटली. जातं फिरत होतं, हळद पडत होती, काकूचे डोळे गळत होते.

मग मागच्या बायकांनी ओळ उचलली. दहा, दहा, आणि नाव. सगळ्यांनी 'कमल गो' म्हटलं. आणि त्या सगळ्या आवाजांच्या खाली, एक बारीक आवाज, दुसरंच काहीतरी म्हणाला.

लघु, लघु, लघु, गुरू. लांबी तीच, वजन तेच. सुरुवातीला तर काही वेगळं कळलंच नाही. पण शेवटचा गुरू लांबला, आणि वीस बायकांचा 'ओ' गोल होऊन वर जात असताना त्यात एक 'आ' उघडा राहिला. गो, गो, गो, आणि त्यांच्यात एक या.

अनुसया.

कुणाची मान वळली नाही. हिरूबायनं पुढची ओळ घेतली. मात्रा सारख्या होत्या, म्हणून एक नाव दुसऱ्याखाली पूर्ण झाकलं गेलं होतं. ज्याला मोजायची खोड नाही त्याला ते कळणं शक्यच नव्हतं. मी मान वर केली. बायजा मावशी जमिनीकडं बघत होती, आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर तिचा हात पालथा पडला होता.

सासरी निघताना मी तिला मिठी मारली आणि कानात विचारलं. ती दचकली. "मी? नाय गो! मी कमलच बोलले. देवाशपथ. लग्नात कसली मोजमापं करतेस, येडी झालीस काय?" तिनं माझं तोंड हातानं बंद केलं. हाताला हळदीचा वास होता. मी विषय सोडला. मला वाटलं, लक्ष नसताना गेलं असेल तोंडून. जन्मभर दोघी एकत्र झेलायच्या, 'नवरीची आय' म्हटल्यावर माझ्या लग्नात तिच्या जिभेवर दुसरं काय येणार? चुकून असो की मुद्दाम, मला ते मिळालं होतं. कोलाडपर्यंतच्या प्रवासात मी ते मनात पुन्हा पुन्हा वाजवत होते आणि शेजारी बसलेल्या नव्या नवऱ्याला वाटत होतं की माझी बोटं थरथरतायत.

पुढच्या उन्हाळ्याची लग्नसराई सुरू व्हायच्या सुमारास माझं पहिलं मूल पोटातच गेलं. दिवस भरत आले होते. मुलगी होती. त्याबद्दल मी अजून फार बोलू शकत नाही, आणि इथं बोलणारही नाही. आठवतं ते एवढंच की हायवेवरच्या ट्रकांचा आवाज दिवसभर भिंतीतून यायचा, आणि तेव्हा मला काहीही मोजता येत नव्हतं.

एका दुपारी मावशी आली. एसटी बदलत बदलत, उन्हातून, हातात वालाच्या डाळीची पिशवी. सासूबाईंनी तिला आत बोलावलं तर ती आत येईना. उंबऱ्याबाहेर बसली आणि कपाळ दाराच्या चौकटीला टेकवून रडायला लागली.

"माझं तोंड जलो," ती म्हणत होती. "मीच हाक मारली तिला. मीच. हिरूबाय बोलली व्हती, तरी मारली. ती आली नि तुझ्या मागं मागं हितं आली. एकटी नाय जायची ती. घेऊन गेली पोरीला."

मी तिच्यासमोर उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसले आणि तिचा हात उलटा केला. मिठानं चिरलेला तळहात, अगदी आईसारखा. त्याच्यावर मी बोटानं वाजवलं. तीन बोटं, एक तळवा. "हे कमल गो." पुन्हा वाजवलं. "हे अनुसया. बघ, मावशी, काही फरक आहे? एवढासुद्धा नाही. तू घेतलेलं नाव त्यांच्या नावाखाली झाकून गेलं. मांडवात कुणालाच कळलं नाही. हिरूबायला नाही, काकूला नाही, देवालासुद्धा नाही. मग आईला कसं कळेल?"

मी शिकलेलं सगळं त्या वेळी मी तिच्या हातावर ठेवलं होतं. तिनं तळहात स्वतःकडं वळवून बघितला. रडं थांबलं होतं. वाटलं, पटलं.

मग तिनं वर बघितलं.

"तुला आयकू आलं ना?"

"हो. पण मी मोजत होते, मावशी. मी कान लावून बसले होते."

"मंग," मावशी म्हणाली, "तिनं नसंल लावला?"